समसंभाव्य

तेवीस जणांचा वर्ग, औरंगाबादचं विद्यापीठ.
मेहेंदळे मॅडम पुण्याहून नव्यानंच आलेल्या,
साडीवर खडू सांडू नये म्हणून
फळ्यापासून हातभर लांब उभ्या.
"तेवीस माणसं एका खोलीत असली
तर कुणा दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला येण्याची संभाव्यता
निम्म्याहून किंचित जास्त. पटत नाही ना?"
पटत नव्हतंच.
वाढदिवस हा शब्दच आमच्यातले बरेच जण
हॉस्टेलला आल्यावर शिकले होते.

फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात त्यांनी लिहिलं:
समजा, वर्षातले सगळे दिवस समसंभाव्य.
खाली तीनशे पासष्ट, तीनशे चौसष्ट, त्रेसष्ट,
छेद तोच, अंश एकेकानं झिजत चाललेला.
खिडकीत लेण्यांचा डोंगर उन्हानं पिवळा.
"आता करून बघू. रोल नंबर एक?"

पुरभाजी वाकोडे उठला. एक जून.
दोन नंबरची क्रांती चौकातली, सोळा ऑगस्ट.
मुनव्वर पठाण. एक जून.
"अरे वा, तिसऱ्यालाच!" मॅडम हसल्या.
गुणवंत सोनकांबळे. एक जून.
शिवलिंग पत्रे, खाली बघून, एक जून.
मी सातवी. माझीही तीच.
शेवटच्या बाकापर्यंत अकरा.
मॅडमनी कॅल्क्युलेटर काढला, परत पर्समध्ये ठेवला.
"चेष्टा करताय माझी?"

मग पुरभाजीनं करून दाखवलं:
उजवा हात डोक्यावरून पलीकडं नेला
आणि डावा कान धरला.
"कान हाताला लागला की सहा वर्षं पूर्ण.
शाळा भरायची जूनमध्ये. म्हणून एक जून.
गुरुजी कशाला दुसरी तारीख शोधतील?"
वर्ग हसला.
मॅडमनी डस्टर घेतलं, डाव्या कोपऱ्यातली
तेवढी एकच ओळ पुसली.
"दिवाळीत घरी विचारून या. खरी तारीख.
हेच तुमचं प्रात्यक्षिक."

सुट्टीनंतर वह्या उघडल्या.
मुनव्वर: ताबूत उठायच्या आदल्या संध्याकाळी.
जुनी जंत्री धुंडाळून त्यानं तारीख बसवलेली,
वर्गात सगळ्यात नेमकी.
गुणवंत: म्हैस व्याली त्याच्या तिसऱ्या रात्री.
म्हैस कधी व्याली, माहीत नाही.
"सशर्त संभाव्यता," मागून कुणीतरी म्हणालं.
पुरभाजीची आई, धुरपताबाई, एवढंच बोलली होती की
थोरला गेला, हा आला, मधी एक अमावस्या.
त्यावर कुणी काही म्हणालं नाही.

माझी आई भांडी घासत होती.
"तारीक बघत बसले व्हते व्हय म्या?
खडी फोडायला व्हते कामावर.
सुकडीच्या रांगंत कळ आली, रांग सोडून आले.
त्या दिवसाची सुकडी ऱ्हायली, ते ध्यानात हाय."
महिना तरी सांग.
"जवारी पेरून झाली व्हती. हुरड्याच्या आधी."
मी वहीत दोन कंस केले, मध्ये जागा सोडली.
ती राखेचा हात तसाच धरून
जरा वेळानं म्हणाली,
"पर त्या साली हुरडा आलाच न्हाई."

मॅडमनी माझी ओळ दोनदा वाचली.
डावा कंस ठेवला,
उजवा खोडरबरानं पुसला
आणि तिथं काहीच लिहिलं नाही.
दहापैकी दहा दिले.
मला तेव्हा त्या गुणांचा राग आला होता.

आता मी गंगाखेडला शिकवते.
एक जूनला पहाटेच बँकेच्या शुभेच्छा येतात,
मग विमावाल्यांच्या, मग पुरभाजीचा फोन:
"काय मॅडम, तुमचा पण आजच का?"
पुढं एखाद्या एकतीस मेला
आमच्यातले नोकरीला लागलेले सात जण
सात गावांत, एकाच संध्याकाळी,
शाल-नारळ घेऊन घरी जातील.

माझ्या वर्गातल्या पोरांच्या तारखा दवाखान्यातल्या,
वेळेसकट. तेवीसचं गणित त्यांना लगेच पटतं.
डाव्या कोपऱ्यात मी तीच ओळ लिहिते,
जरा बारीक अक्षरांत,
आणि डस्टर खाली ठेवत नाही.